अर्ध्यावर सोडलेले शिक्षण आणि मदतीचा हिशेब

शिक्षणाला पैसा लागतो, ही गोष्ट आपल्या समाजातील कोणत्याही पालकाला नव्याने सांगावी लागत नाही. परंतु शिक्षण मध्येच सोडले तरीही पैसा लागतो, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. कॉलेज सोडणाऱ्या मुलाला वाटते की, आता फीची कटकट मिटली. पालकांना वाटते की, एक खर्च कमी झाला. प्रत्यक्षात त्या दिवशी एक नवाच हिशेब सुरू होतो. भरलेली फी परत किती मिळणार, मिळालेली शिष्यवृत्ती टिकणार की जाणार, कर्ज घेतले असेल तर ते कोण फेडणार, आणि पुन्हा शिकावेसे वाटले तर दार उघडे राहणार की बंद होणार, असे अनेक प्रश्न त्यात असतात. हे प्रश्न आजचे नाहीत. आपल्या करवीर नगरीच्या इतिहासातच त्यांची उत्तरे शोधता येतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

राजर्षी शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. परंतु राखीव जागेवर बसण्यासाठी शिकलेला माणूस हवा, आणि खेड्यातला मुलगा शहरात राहणार कोठे, जेवणार काय, हा खरा प्रश्न होता. बुद्धी असूनही मुले शाळा सोडून जात, ती केवळ भाकरीच्या अभावी. महाराजांनी या दुखण्याचे मूळ ओळखले आणि कोल्हापुरात वसतिगृहांची परंपरा सुरू केली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. १९०६ साली मुसलमान समाजाच्या शिक्षणासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद स्वतः महाराजांनी स्वीकारले आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. दसरा चौकातून जाणाऱ्या येणाऱ्या आपल्या मुलांनी मुस्लिम बोर्डिंगच्या इमारतीकडे केवळ एक जुनी वास्तू म्हणून पाहू नये. "पैशावाचून कोणाचे शिक्षण अर्ध्यावर तुटू नये" या विचाराचे ते दगडमातीतले रूप आहे.

महाराज एवढ्यावर थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला दरमहा एक रुपया दंड, असे कलमही घातले. त्या काळचा एक रुपया म्हणजे गरिबाच्या घरात लहान रक्कम नव्हे. या दंडामागील विचार मोठा मार्मिक आहे. मुलाला शाळेतून काढून कामाला लावले की घरात चार पैसे येतात, असा बापाचा हिशेब असे. महाराजांनी तो हिशेबच उलटा करून टाकला. शाळेत ठेवले तर फी नाही, शाळेतून काढले तर मात्र भुर्दंड! शिक्षण सोडण्याचीही किंमत असते, हे कोल्हापूरच्या प्रजेला त्या कायद्याने प्रथमच रोख स्वरूपात कळले.

आता कॉलेजच्या शिक्षणाकडे वळू. मदत बंद पडल्यामुळे शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागले, तरीही ते वाया जाऊ दिले नाही, याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. त्यांच्या शिष्यवृत्तीचा इतिहास मात्र आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे.

बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या साहाय्याने भीमराव मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले. १९१३ साली त्याच महाराजांनी त्यांना अमेरिकेत उच्च शिक्षण घेण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. ही मदत बिनशर्त नव्हती. शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी लागेल, असा करारनामा त्यांना सही करून द्यावा लागला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१५ साली एम. ए. केले आणि १९१६ साली ते लंडनला गेले. तेथे एकीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि दुसरीकडे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास, असा दुहेरी उद्योग त्यांनी आरंभला.

तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली त्यांना परत यावे लागले. लंडनमधले दोन्ही अभ्यासक्रम अर्धवट राहिले. आपल्यापैकी एखादा असता तर ट्रंक भरून निमूट घरी आला असता. भीमरावांनी तसे केले नाही. निघण्यापूर्वी त्यांनी विद्यापीठाकडून रीतसर परवानगी मिळवली की, चार वर्षांच्या आत परत आल्यास आपणास अभ्यास पुढे चालू करता यावा. वाचकहो, सबंध हकिकतीतील हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खिशात पैसा नव्हता, पुढची वाट दिसत नव्हती, परंतु दार लोटून घेताना त्यांनी कडी आतून लागू दिली नाही.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. कराराप्रमाणे ते बडोद्यात नोकरीस रुजू झाले. एवढ्या विद्वान माणसाला त्या शहरात जातीमुळे राहावयास जागा मिळेना. पारशी खानावळीत आसरा घेतला, तर तेथूनही जमावाने त्यांना बाहेर काढले. नोकरी सोडून ते मुंबईस परतले. दहा वर्षांच्या कराराची नोकरी काही महिन्यांतच सुटली. करारनाम्यावर सही असते ती एका माणसाची, पण तो पाळता येणे न येणे हे पुष्कळदा भोवतालच्या समाजावर अवलंबून असते, एवढा बोध त्यातून घ्यावा.

१९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून काटकसर करून त्यांनी लंडनसाठी पैसा साठवला. मार्च १९२० मध्ये आपल्याच जिल्ह्यातील माणगाव येथे परिषद भरली आणि शाहू महाराजांनी तेथे जाहीरपणे त्यांचे नेतृत्व उचलून धरले. त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा त्यांच्यापाशी स्वतःची बचत होती, शाहू महाराजांनी दिलेले दीड हजार रुपये होते आणि नवल भथेना या पारशी मित्राने कर्जाऊ दिलेले पाच हजार रुपये होते. बडोद्यात पारशी जमावाने बाहेर काढले आणि मुंबईत पारशी मित्राने हात दिला, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. चार वर्षांची मुदत संपण्यापूर्वीच ते लंडनला पोहोचले. १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर आणि १९२३ साली डी. एस्सी. असे एकामागून एक टप्पे त्यांनी पुरे केले. १९१७ साली मिळवलेल्या त्या परवानगीवाचून हे सारे कितीतरी अवघड झाले असते.

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. ते कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते गेले, आणि परतल्यावर शुद्धीची अंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी बोर्डिंगचा आसरा सुटला. येथे मदत गेली ती अभ्यास सोडल्यामुळे नव्हे, तर तत्त्व न सोडल्यामुळे. शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले. भाऊराव मोठे पदवीधर झाले नाहीत, परंतु १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि "कमवा आणि शिका" हा मंत्र दिला. साताऱ्याच्या त्यांच्या बोर्डिंगात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. ज्याचा आसरा एकदा सुटला होता, त्याने हजारोंना आसरा दिला.

इतिहासातून आता आजच्या व्यवहाराकडे येऊ. एके काळी मदत करणारा राजा होता आणि एका शब्दावर काम होई. आज त्याची जागा नियमांनी घेतली आहे. राजाला भेटावे लागे, तसा नियम वाचावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली फी परत करण्याविषयी एक वेळापत्रक जाहीर केले. त्यानुसार प्रवेशाची जाहीर केलेली शेवटची तारीख हा मध्यबिंदू धरला जातो. त्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत मिळते. मात्र प्रक्रिया खर्च म्हणून जास्तीत जास्त ५ टक्के, आणि तोही ५,००० रुपयांच्या आत, कापता येतो. शेवटच्या तारखेला १५ दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवस होईपर्यंत ८० टक्के, आणि १५ ते ३० दिवसांच्या दरम्यान ५० टक्के फी परत मिळते. ३० दिवस उलटले की हाती शून्य! संस्थेने मुलांचे मूळ दाखले अडकवून ठेवू नयेत, आणि लेखी अर्ज आल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावेत, असेही त्यात सांगितले आहे. त्यानंतरच्या काही वर्षांत आयोगाने पूर्ण फी परतीसाठी अधिक सवलतीच्या तारखा जाहीर केल्या. म्हणून त्या त्या वर्षीचे परिपत्रक पाहूनच निर्णय घ्यावा.

या टक्केवारीचा अर्थ पालकांनी नीट समजून घ्यावा. मुलाने मनातून कॉलेज कधी सोडले, याला काही किंमत नाही. अर्जावर तारीख कोणती पडली, याला आहे. मंगळवार पेठेसारख्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत आम्हां शिक्षकांना दरवर्षी दिसते ते असे की, मुलगा गॅरेजमध्ये किंवा दुकानात कामाला लागतो, मुलीचे लग्न ठरते, आणि कॉलेजला जाणे नुसतेच बंद होते. ना अर्ज, ना पोच. दोन महिन्यांनी कोणी तरी फीची चौकशी करायला जाते, तोवर मुदत निघून गेलेली असते.

शिष्यवृत्तीचेही तसेच. खुद्द राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने महाराष्ट्र शासनाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. अभ्यासक्रमाच्या काळात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड पडलेला नसावा, अशी तिची अट आहे. म्हणजे एक वर्ष आजारपणात किंवा अडचणीत गेले तरी वाट उरते. दुसरेही गेले की ती बंद होते. बाबासाहेबांना चार वर्षांची मुदत होती, आपल्या मुलांना त्याहून कमी आहे. आणि शिक्षणासाठी कर्ज काढले असेल, तर कॉलेज सुटले म्हणून कर्ज सुटत नाही. पदवी हाती नसताना हप्ता मात्र हाती येतो.

२००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालात म्हटले होते की, ६ ते १४ वयोगटातील मुसलमान मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. शाळेच्या वयातच चौथा हिस्सा गळत असेल, तर कॉलेजच्या दारापर्यंत पोहोचलेला प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी ही समाजाची ठेव आहे. ती अर्ध्यावर सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, एवढ्या गोष्टी गाठीशी बांधा. फीची प्रत्येक पावती जपून ठेवा. शिक्षण थांबवण्याची वेळ आलीच, तर आधी आपल्या शिक्षकांशी व कॉलेजच्या कार्यालयाशी बोला. रद्द करावयाचेच असेल तर तारखेसह लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. परत येण्याची सोय किती काळ राहील, हे विचारून लिहून घ्या. शिष्यवृत्ती असेल तर तिचे पुढे काय होणार, हेही त्याच दिवशी विचारा.

पालकांना आणि समाजातील सुस्थितीतील मंडळींना मात्र वेगळे सांगावयाचे आहे. पुष्कळ मुले कॉलेज सोडतात ती फार मोठ्या रकमेपायी नव्हे. एका सत्राची फी, बसचा पास, पुस्तके, खानावळीचे दोन महिने, एवढ्यावर सारे अडते. शाहू महाराजांचे दीड हजार आणि एका मित्राचे पाच हजार योग्य वेळी मिळाले, म्हणून एक अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे झाले आणि त्याचे फळ साऱ्या देशाला मिळाले. आपल्या मोहल्ल्यात या वर्षी कोणाचे नाव कॉलेजच्या हजेरीपटावरून गळण्याच्या बेतात आहे, याची चौकशी सत्र संपण्यापूर्वी करावी, फी परतीची मुदत संपल्यावर नव्हे.