कुलूप कोणाचे?

कोल्हापूरकडून बेळगाव पाहायला आलेल्या माणसाचा बेत साधा असतो: किल्ल्यातली कमल बस्ती, कपिलेश्वराचे दर्शन, खडेबाजार, गणपत गल्ली आणि परतताना कुंदा. तो १ नोव्हेंबरला आला, तर मराठी वस्तीत दुकाने बंद आणि रस्त्यावर काळे झेंडे दिसतात. दिवस वाया गेला असे त्याला वाटणे साहजिक आहे. पण सीमाभागात बंद दार हीसुद्धा इतिहासाची नोंद आहे. ती वाचताना कुलूप आतून लागले की बाहेरून, एवढे मात्र तपासावे लागते.

दुकान मिटून दुःख आणि निषेध दाखवण्याची रीत जुनी. १९१९ साली रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी तिला देशव्यापी रूप दिले आणि १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून तेच बेळगावात आले. १९४६ मध्ये इथल्याच साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुढे १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगाव आणि निपाणीत गोळीबार होऊन माणसे मेली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून काळा दिन पाळला जातो. पहिला शोक ओसरल्यावरही पुढच्या पिढ्यांनी तो सोडला नाही. माझ्या मते याचे कारण सरळ आहे. सीमावादावरचा १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने नाकारला, २००४ पासून त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि सामान्य माणसाच्या हाती स्वतःचे दुकान एक दिवस मिटणे एवढेच उरते. हे कुलूप आतले.

बाहेरचे कुलूप वेगळे. बेळगावात कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनावेळी मराठी मेळाव्याला परवानगी नाकारून लागू होणारी जमावबंदी, राज्यसीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर अडवलेले महाराष्ट्रातले नेते, डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीजवळ दगड खाल्लेले महाराष्ट्राचे ट्रक, तणाव वाढला की थांबणाऱ्या दोन्ही राज्यांच्या एसटी. यातले काहीच गावाने स्वतःहून मिटलेले नाही. असे कुलूप टळूही शकते: ऑगस्ट २०२० मध्ये बेळगावजवळच्या पिरनवाडीच्या चौकात कित्तूरचे सेनानी संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्यावरून तणाव झाला, लाठ्या चालल्या. शेवटी पुतळा रायण्णांचा आणि चौकाला नाव शिवाजी महाराजांचे, असा तोडगा निघाला. खानापूर आणि चोर्ल्याच्या वाटा जिथे फुटतात तो नाका जमाव रोखून धरता आला असता, पोलीसही धरू शकले असते. तो मोकळा झाला तो दोन्ही बाजू बोलायला बसल्या म्हणून.

काळ्या दिनाच्या बंदवर आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही खरे. १ नोव्हेंबर हा कन्नड माणसाचा राज्योत्सव, त्याचा आनंद त्याच्या हक्काचा. पण शेजाऱ्याच्या मिरवणुकीसाठी आपले सुतक लपवावे, असा नियम कोणत्याच शेजारधर्मात नाही. मिरवणूक आणि निषेधाची फेरी एकाच दिवशी, आपापल्या रस्त्याने जाऊ शकतात. दुसरा आक्षेप हातगाडीवाल्याचा: त्याचे पोट रोजच्या धंद्यावर. तो मला अधिक जड वाटतो. म्हणूनच बंद स्वेच्छेचा हवा. ज्याला गाडी लावायची आहे त्याच्यावर कार्यकर्त्यांनी दडपण आणले, तर त्या दिवशी तेही बाहेरचेच कुलूप होते, मग त्यांच्या हाती झेंडा कोणत्याही रंगाचा असो.