कातिबाची ओळ

निजामाच्या राजवटीत आपले हिंगोली परभणी जिल्ह्यात होते आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. तिचे कागद मात्र दप्तरांत राहिले. २०२३ मध्ये मराठवाड्यातील जुन्या नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची किंमत सर्वांना कळली. पण त्याच लिपीतली पुस्तके आणि वर्तमानपत्रे ज्याच्या बोरूतून उतरली, त्या कातिबाची आठवण कोणी काढली नाही.

देवनागरीचा जुळारी ओळ समासाला भिडवताना शब्दांमधली जागा कमीजास्त करतो. अरबी लिपीत अक्षरे जोडलेली असल्यामुळे शब्दच लांबवता येतो. या ताणण्याला कशिदा म्हणतात. उर्दूचे वळण मात्र नस्तालीक. त्यात शब्द डावीकडे जाता जाता खाली उतरतो आणि शेजारी बदलला की अक्षराचा आकारही बदलतो. मध्येच सरळ रेघ घुसवली तर शब्द मोडतो. कोणते अक्षर किती ताणायचे, ओळीत न मावणारा शब्द कोठे वर चढवायचा, हे कातिबाची नजर ठरवी. शिशाच्या खिळ्यांना हे वळण नीट साधले नाही. म्हणून कातिब लिही आणि शिळाप्रेस छापी. चेन्नईचे १९२७ साली निघालेले 'द मुसलमान' हे दैनिक तर एकविसाव्या शतकातही हातानेच लिहिले जात होते.

१९८१ मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांचे नूरी नस्तालीक वापरात आले. सुट्या अक्षरांऐवजी सुमारे २० हजार जोडसमूह त्यांनी हाताने लिहिले आणि ते मोनोटाइपच्या यंत्रात गेले. पुढे दिल्लीत तयार झालेल्या इनपेजने हे वळण साध्या संगणकावर आणले. यंत्राने अक्षर उचलले, कातिबाची नजर मात्र उचलली नाही. बहुतेक ठिकाणी ओळ भरली जाते ती शब्दांमधली जागा वाढवूनच.

कामगार चळवळीचे यंत्राशी वैर नाही. ज्याचे कसब यंत्रात गेले त्याच्या भाकरीची काय सोय, एवढेच ती विचारते. कातिबांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. निदान आपल्या जिल्ह्यात एखादा वृद्ध कातिब असेल, तर ओळ भरण्याची त्याची रीत त्याच्याकडून, योग्य मोबदला देऊन, लिहून घ्यावी. हे काम गावच्या वाचनालयालाही जमेल.