अर्जातला एक प्रश्न

आज रणांगण नाही, एका प्रवेश अर्जाची गोष्ट सांगतो.

१९२२ साल. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या अर्जात नवे प्रश्न आले. धर्म कोणता? आईचं माहेरचं नाव काय? जन्मानंतर तुमचं किंवा वडिलांचं नाव बदललं आहे का? कशासाठी? ज्यू मुलगा बदललेल्या आडनावाआडून आत येऊ नये, म्हणून.

१९०० च्या सुमारास तिथे नव्याने दाखल होणाऱ्यांत ज्यू सात टक्के होते. १९२२ पर्यंत एकवीसच्या वर गेले. त्यांत पूर्व युरोपातून आलेल्या स्थलांतरितांची मुलं पुष्कळ. लेखी परीक्षेत ती अडत नव्हती. विद्यापीठाचे अध्यक्ष लोवेल यांना ही संख्या रोखायची होती. त्यांचं म्हणणं, ज्यू वाढले की त्यांच्याविषयीचा द्वेषही वाढतो. म्हणजे द्वेष करणारा आत, आणि ज्याचा द्वेष होतो तो दाराबाहेर!

१९२३ मध्ये प्राध्यापकांच्या समितीने असा भेदभाव नाकारला. पण १९२६ मध्ये तो मागच्या दाराने आला. गुणांच्या जोडीला 'चारित्र्य' बघायचं ठरलं, अर्जाला फोटो लावायचा. १९२५ मध्ये पाव हिश्श्याहून जास्त असलेले ज्यू काही वर्षांतच पंधरा टक्क्यांच्या आसपास आले. उघड कोटा मात्र कुठेच लिहिलेला नव्हता.

हे का सांगतोय? निवृत्तीनंतर मी एका कॉलेजात प्रवेशाच्या मुलाखतींना बसलो होतो. एका मुलाच्या नावापुढे शेरा लिहिला, 'हुशार आहे, पण इथे रमणार नाही.' शेजारच्या प्राध्यापक बाईंनी शांतपणे विचारलं, "सर, कशावरून?"

मला उत्तर देता येईना. मुलगा आत येण्याआधी, नुसतं नाव वाचून मी ठरवून बसलो होतो. पलटणीत सगळ्या धर्मांच्या जवानांबरोबर एका लंगरात जेवलेला मी! शेरा खोडला आणि गुण पुन्हा दिले.

आपल्या घटनेचं कलम २९(२) सांगतं की सरकारी किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून कुणाला प्रवेश नाकारता येणार नाही. पण मनातला शेरा कलमाला दिसत नाही. म्हणून शेऱ्याखाली कारण लिहायला लावा. आणि 'कशावरून?' विचारणारं कुणीतरी शेजारी बसवा.

जय हिंद.