फॉस्फेट आणि युबिक्विटिन : पेशीतील प्रतिकार-नियंत्रणाच्या शोधाचा इतिहास व हैदराबादचे योगदान

प्रस्तावना :
रोगजंतूंचा प्रतिकार करणे जेवढे आवश्यक, तेवढेच तो प्रतिकार वेळेवर थांबविणेही आवश्यक असते. तो थांबला नाही तर दाह वाढून शरीराच्याच पेशींची हानी होते. हे नियंत्रण प्रामुख्याने दोन खुणांनी चालते : प्रथिनाला फॉस्फेट जोडणे आणि युबिक्विटिन हे लहान प्रथिन जोडणे.

पार्श्वभूमी :
या दोन खुणांचा शोध स्वतंत्रपणे लागला. स्नायूंतील एका विकराचे कार्य फॉस्फेटमुळे बदलते, हे फिशर व क्रेब्ज यांनी १९५५ च्या सुमारास दाखविले. १९९२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. युबिक्विटिनची खूण लागलेली प्रथिने पेशी नष्ट करते, या शोधाबद्दल सिचानोव्हर, हर्शको व रोझ यांना २००४ चे नोबेल मिळाले.

रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये प्रतिकार करणाऱ्या बी-पेशींत ‘एनएफ-कप्पा-बी’ हा घटक शोधला. ‘आय-कप्पा-बी’ हे प्रथिन त्याला अडवून धरते. धोक्याचा संदेश येताच या पहारेकऱ्यावर आधी फॉस्फेट बसते. ते ओळखूनच त्याला युबिक्विटिन जोडले जाते व तो नष्ट होतो. मग मोकळा झालेला घटक केंद्रकात जाऊन प्रतिकाराची जनुके चालू करतो. हा क्रम १९९० च्या दशकात स्पष्ट झाला.

हैदराबादमधील संशोधन :
हैदराबाद संस्थानाने १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रयोगशाळा पुढे डॉ. सय्यद हुसेन झहीर यांच्या नेतृत्वाखाली प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा म्हणून वाढली. तिच्याच जीवरसायन विभागातून १९७७ मध्ये डॉ. पुष्पमित्र भार्गव यांच्या पुढाकाराने पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्र (सीसीएमबी) उभे राहिले.

या केंद्रातील डॉ. घनश्याम स्वरूप यांचा मूळ विषय प्रथिनांवरील फॉस्फेट काढणारी विकरे हा होता. २००२ मध्ये ‘ऑप्टिन्युरिन’ या जनुकाचा काचबिंदूशी संबंध आढळला आणि त्यांचा गट या प्रथिनाकडे वळला. एनएफ-कप्पा-बी स्वतःच आपला लगाम असलेले ऑप्टिन्युरिन वाढविते, असे या गटाने २००९ मध्ये दाखविले. तो लगाम कसा काम करतो हे २०११ मध्ये उलगडले. ऑप्टिन्युरिन हे युबिक्विटिन काढणाऱ्या ‘सीवायएलडी’ या विकराला संदेशवाहक प्रथिनापर्यंत पोहोचविते. काचबिंदूच्या रुग्णांत आढळलेल्या एका उत्परिवर्तनात ही जोडणीच बिघडते.

त्याच वर्षी जर्मनीतील संशोधकांनी आणखी एक दुवा जोडला. ऑप्टिन्युरिनवर फॉस्फेट बसले की युबिक्विटिनने वेढलेल्या साल्मोनेला जिवाणूंची पेशीकडून होणारी विल्हेवाट अधिक प्रभावी होते.

समारोप :
पाठ्यपुस्तकांत या दोन खुणा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. वर्गात त्या तशाच शिकविल्यास विद्यार्थ्याला प्रतिकाराची सुरुवात समजते, परंतु त्याचा शेवट समजत नाही. डोळ्याच्या आजारातून सुरू होऊन प्रतिकाराच्या लगामापर्यंत पोहोचलेले हैदराबादचे हे संशोधन दोन्ही प्रकरणे एकत्र शिकविण्यासाठी आपल्याच देशातील उपयुक्त उदाहरण ठरते.