उंबरखिंडीतील अभयदान

रोहे तालुक्यातील खांब गावाहून सुकेळी खिंड ओलांडून नागोठण्याकडे निघाले, की अंबा नदीची गाठ पडते. तिच्या काठाने पालीवरून वर गेले, म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशी उंबरखिंड लागते. इ. स. १६६१ च्या फेब्रुवारीच्या आरंभी येथे झालेल्या लढाईची कथा आपण मुलांना हौसेने सांगतो. पण ती बहुधा विजयापाशीच संपते. खरी गोष्ट पुढेच आहे.

पुण्यात तळ देऊन बसलेल्या शाइस्तेखानाने कारतलबखानास कोकण घेण्यासाठी धाडले. लोहगडाच्या बाजूने घाट उतरून त्याची फौज रानातील अरुंद वाटेत शिरली. महाराजांनी तिला मुद्दाम आत येऊ दिले आणि मागची-पुढची दोन्ही तोंडे बंद केली. वारा नाही, पाणी नाही, हलायला जागा नाही! कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त याचे सविस्तर वर्णन आहे. खानाबरोबर माहूरची रायबागन होती; तिने शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने वकील पाठविला, शहाजीराजांच्या जुन्या स्नेहाची आठवण दिली आणि जवळचे सारे देऊ करून अभय मागितले.

त्या क्षणी हजारोंचे प्राण महाराजांच्या हाती होते. त्यांत गाढे, कोकाटे, जाधव अशी मराठी माणसेही होती. अफझलखानाच्या स्वारीला दीड वर्षही लोटले नव्हते. शाइस्तेखानाचे सैन्य पुणे प्रांत तुडवीतच होते. सूडाला निमित्तांची वाण नव्हती. तरी महाराजांनी खंडणी घेतली आणि वाट मोकळी केली.

अभय म्हणजे गाफिलपणा मात्र नव्हे. मोगलांवर नजर ठेवण्यास नेताजी पालकर मागे राहिले आणि महाराज दाभोळकडे वळले. पुढे शृंगारपूरच्या सूर्यराव सुर्व्याने संगमेश्वरच्या मराठी तळावर रात्री छापा घातला, तेव्हा त्यांनी शृंगारपूर घेतलेच. पण त्याच शृंगारपूरच्या शिर्क्यांची लेक येसूबाई पुढे भोसल्यांची सून झाली! लढाई एका दिवसात जिंकता येते. माणसे जोडायला वर्षे लागतात, आणि त्यासाठी ती आधी जिवंत राहावी लागतात.

या दिवाळीत मुले अंगणात किल्ला बांधतील, मावळे मांडतील. त्यांना एवढेच सांगावे, की शरण आलेल्याला बाहेर पडण्यासाठी एक वाटही ठेवा. महाराजांच्या पराक्रमातलाच तो एक भाग आहे.