दिनविशेष : ५ सप्टेंबर – पाचगणीचा रॉकस्टार

शिक्षकदिनाच्या धामधुमीत आजची एक जयंती हमखास मागे पडते. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये, एका पारशी कुटुंबात झाला. मूळ नाव फारूख बलसारा.

आठव्या वर्षी त्याला शिकायला पाठवले ते थेट आपल्या पाचगणीला. सेंट पीटर्स शाळेत तो पियानो शिकला आणि बाराव्या वर्षी मित्रांसोबत ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढून क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवू लागला. पुढे गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने त्याला झपाटले.

झांझिबारमधल्या १९६४ च्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेले. १९७० मध्ये ‘क्वीन’ उभा राहिला. बँडचे बोधचिन्ह फ्रेडीनेच रेखाटले. इंग्लंडमध्ये कलाशाळेत घेतलेले शिक्षण कामी आले!

त्याची हत्यारे मोजकी. पियानो, आणि अर्धाच माइक स्टँड. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात स्टँड मधोमध तुटला, तो त्याने तसाच वापरला आणि कायमचा ठेवला. गिटारवर आपल्याला मोजकेच कॉर्ड येतात, असे तो सांगे. तरीही ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ हे एल्विसच्या ढंगाचे गाणे १९७९ मध्ये त्याने गिटारवरच रचले. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधी मैफलीतही या गाण्याला त्याच्या गळ्यात टेलिकास्टर गिटार होती.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, लंडनमध्ये एड्समुळे त्याचे निधन झाले.