रुमालात काय बांधलंय?

१९७० मध्ये सिडको आली आणि आमच्या बोनकोड्याच्या भातखाचरांवर सेक्टर उभे राहिले. आता जुनं गाव शोधायचं तर कागदांतच. विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "पुण्याला पेशवे दफ्तरात असेल काहीतरी!" असेलही. पण तिथे सुमारे ३५ हजार रुमाल आहेत, त्यातला कुठला सोडायचा?

रियासतकार सरदेसायांनी १९३० ते ३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. १९३३ मध्ये दफ्तराची एक मार्गदर्शिकाही आली. कौतुक खंडांचं होतं. मला विचाराल तर ती मार्गदर्शिका जास्त मोलाची. कशात काय आहे हेच माहीत नसेल, तर मोडी येऊन तरी काय उपयोग?

हीच नड तिकडे अमेरिकेत बर्कले विद्यापीठाच्या ग्रंथालयाला होती. १९९३ मध्ये डॅनियल पिटी यांच्या पुढाकाराने तिथे दफ्तरांच्या याद्या संगणकाला कळतील अशा खुणा घालून लिहायला घेतल्या. त्यातून १९९८ मध्ये 'एन्कोडेड आर्काइव्हल डिस्क्रिप्शन' हे मानक आलं. नाव भारदस्त, रचना मात्र आपल्या ओळखीची: दफ्तरात रुमाल, रुमालात पुडकं, पुडक्यात कागद. प्रत्येक पायरीला वर्णन आणि गावाच्या नावाला वेगळी खूण. कागदाचा फोटो नसला तरी चालतं. घरबसल्या रुमालाचा नंबर कळला की पुण्याची एसटी पकडायची!

नुसती लाखो पानं स्कॅन करून वर 'रुमाल नंबर अमुक' एवढंच लिहिलं, तर त्यात बोनकोडे सापडणार कसं? आणि जुन्या कारकुनाने 'बोणकोडें' लिहिलं असेल तर? यादीत दोन्ही रूपं हवीत. ती घालायला मोडी वाचणारा आणि गावं ठाऊक असलेला माणूस लागतो. त्याचा पगार कुठल्या खात्यातून निघणार, बघूया.